फ्रीमाँट स्ट्रीट कसा बघायचा: जुन्या लास व्हेगसचा स्टेशन रोड

आमच्याकडे एलएला इंडियातून कोणी आलं की जेट लॅग उतरायच्या आत विचारणा सुरू होते, मग व्हेगसला कधी जायचं. आत्तापर्यंत पाच वेळा मी फुकटची गाईड झालेय, सासू सासरे, भाऊ वहिनी, नवऱ्याचे कॉलेजचे दोन मित्र, सगळ्यांना घेऊन. आणि दर वेळी बघते की लोक स्ट्रिपवरचं, म्हणजे मोठमोठ्या कॅसिनोंच्या त्या झगमगत्या रस्त्यावरचं कारंजं, खोटा आयफेल टॉवर, बुफे एवढं करून व्हेगस झालं म्हणतात, आणि डाउनटाउनला, म्हणजे जुन्या गावातल्या फ्रीमाँट स्ट्रीटला, गेलेच तर रात्री अकराला, त्या मोठ्या लाईटच्या छताखाली एक सेल्फी, कान बधिर, डोकं जड, चला हॉटेलवर. मी पण पहिल्या वेळी तेच केलं होतं, आणि वर घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की काही खास नाही. चूक माझी होती, बघायची पद्धत चुकली होती.

आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावात स्टेशनातून बाहेर पडलं की समोर स्टेशन रोड असतो ना, दोन लॉज, एक खानावळ, परमिट रूम, घड्याळाचं दुकान आणि पुढे पुढे नवीन वस्ती, फ्रीमाँट स्ट्रीट डिट्टो तेच आहे. फक्त इथे लॉजचे कॅसिनो झाले. हे डोक्यात ठेवून स्टेशनच्या टोकापासून चालायला लागलात की तो रस्ता नीट उलगडतो. मधूनच कुठूनतरी घुसलात तर नुसता गोंगाट.

आधी जायचं कधी ते. शुक्रवार शनिवार टाळता आला तर टाळा, तुफान गर्दी असते, वीकेंडला रात्री आयडी बघूनच आत सोडतात आणि एकवीसच्या आतलं कोणी बरोबर असेल तर उगाच पंचाईत होते. मंगळवार बुधवार बेस्ट. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असतो आणि आठ वाजेपर्यंत उजेड, त्यामुळे दुपारी रस्त्यावर फिरायचं धाडस नको. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि मग वाळवंटातली थंडी काय असते ते कळतं, सासरे स्वेटर विसरले होते, सत्तर वर्षांच्या माणसाला आम्ही "लकी ७" लिहिलेलं हुडी घेऊन दिलं, अजून सोलापुरात मॉर्निंग वॉकला घालतात.

स्ट्रिपवरून यायला ड्यूस नावाची डबल डेकर बस आहे, दिवसरात्र चालू असते, चोवीस तासांचा पास काढा आणि वरच्या मजल्यावर पुढे बसा. मोनोरेल इथपर्यंत येत नाही, नकाशा बघून फसू नका. आणि "जवळच तर आहे, चालत जाऊ" हे अजिबात करू नका, मधला पट्टा, विशेषतः तो उंच स्ट्रॅट टॉवर ओलांडल्यावरचा, रात्री पायी जाण्यासारखा नाही. गाडी असेल तर डाउनटाउनच्या कॅसिनोंचं स्वतःचं पार्किंग असतं, पण तिकीट आत मशीनवर किंवा काउंटरवर व्हॅलिडेट करून घ्यावं लागतं. आम्ही एकदा ते विसरलो आणि जेवणापेक्षा पार्किंग महाग पडलं, नवरा बोर्ड न वाचता पुढे जातो त्याला मी काय करू.

एक गंमत सांगते, ती झगमगती स्ट्रिप कायद्याने लास व्हेगस शहरात येतच नाही, ती शहराच्या हद्दीबाहेर काउंटीत आहे. खरं गाव हे, डाउनटाउन.

सुरुवात मेन स्ट्रीटवर, प्लाझा हॉटेलच्या समोर उभं राहून करायची. पाठ प्लाझाकडे, तोंड फ्रीमाँट स्ट्रीटकडे. तुम्ही उभे आहात तिथेच रेल्वेचं स्टेशन होतं. १५ मे १९०५ ला रेल्वे कंपनीने इथल्या मोकळ्या माळावर खुंट्या ठोकून प्लॉटचा लिलाव केला, मे महिन्याच्या उन्हात, आणि गाव सुरू झालं. म्हणजे आधी रेल्वे, मग प्लॉट, मग लॉज, मग जुगार. प्लाझा १९७१ ला आलं, आणि नंतर बरीच वर्षं ॲमट्रॅकची, म्हणजे इथल्या रेल्वेची प्रवासी गाडी थेट कॅसिनोच्या इमारतीत थांबायची, डब्यातून उतरायचं आणि समोर मशीन. १९९७ ला ती गाडी बंद झाली. आता प्लाझाच्या मागे फक्त मालगाड्या जातात, कधी कधी भोंगा ऐकू येतो.

आता चार पावलं पुढे, कोपऱ्यावर गोल्डन गेट, पत्ता साक्षात १, फ्रीमाँट स्ट्रीट. हा म्हणजे स्टेशनसमोरचा पहिला लॉज. १९०६ ला हॉटेल नेवाडा म्हणून उघडला, १९०७ ला गावातला पहिला फोन इथे लागला आणि नंबर होता १. मग १९३१ ला नाव बदलून ठेवलं सॅल सेगेव्ह. या नावाचा एकेक शब्द इंग्रजीत उलटा वाचा, लास व्हेगस होतं. मी हे सांगितल्यावर भाऊ पाच मिनिटं हवेत बोटाने अक्षरं लिहीत उभा होता. आत जाऊन फार काही करायचं नाही, कॅसिनो छोटासाच आहे, पण छत किती बुटकं आहे ते बघा, नवीन कॅसिनोत आणि यात तोच फरक आहे. इथलं श्रिंप कॉकटेल फेमस होतं, १९५९ ला पन्नास सेंटला सुरू केलेलं, ते २०१७ ला बंद झालं, त्यामुळे जुने लेख वाचून ते शोधत फिरू नका.

गोल्डन गेटच्या समोर सर्का आहे, २०२० ला उघडलेलं, एकदम नवीन, आणि एकवीसच्या आतल्यांना दारातूनच परत पाठवतात. तरी आत जा, कारण व्हेगस विकी आत आहे, पाय उचलून बसलेली निऑनची काऊगर्ल, १९८० सालची, पूर्वी ती बाहेर रस्त्यावर असायची. तिचा जोडीदार व्हेगस व्हिक अजून रस्त्यावरच आहे, तसंच पुढे गेलात की दिसेल, चाळीस फुटी काऊबॉय, १९५१ पासून उभा. ज्या पायोनियर क्लबची ती पाटी होती तो क्लब कधीच बंद पडला, खाली आता टीशर्ट आणि फ्रीज मॅग्नेटचं दुकान आहे. त्याचा हात पूर्वी हलायचा आणि तो बोलायचा पण, आता नुसता उभा असतो. आणि रस्त्यावर छत टाकलं तेव्हा उंचीत बसेना म्हणून त्याच्या टोपीची कड छाटली. मान वर करून टोपी बघा, मला दर वेळी त्याची कीव येते.

आता ते छत. नव्वदच्या दशकात स्ट्रिपवर एकेक महाकाय हॉटेल यायला लागलं आणि डाउनटाउन ओस पडायला लागलं, तेव्हा गाड्या बंद करून रस्त्यावर हे छत घातलं, डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झालं. मेन स्ट्रीटपासून फोर्थ स्ट्रीटपर्यंत, साधारण नव्वद फूट उंच, २०१९ ला सगळं बदलून त्यात ४ कोटी ९३ लाख एलईडी बसवले. अंधार पडल्यावर दर तासाला शो असतो, फुकट. टीप एवढीच की शो सुरू असताना चालू नका, सगळे वर बघत असतात आणि एकमेकांवर आपटतात, आणि पाकीट पुढच्या खिशात. छताखाली मधोमध एका जागी उभं राहा, एक शो बघा, बास. दुसरा बघायला थांबलात तर मान धरते. तेवढ्यात डोक्यावरून सू करून लोक जातात, ते तारेला लटकून जाणारे झिपलाईनवाले, बारा मजली स्लॉट मशीनच्या आकाराच्या टॉवरवरून सोडतात. वहिनीने केलं, मी नाही, मला खालून ओरडण्यातच मजा येते.

पण माझं म्हणणं असं की छत ही इथली सगळ्यात कमी बघण्यासारखी गोष्ट आहे. दुपारी उजेड असताना एकदा चक्कर मारा, तेव्हा छत बंद असल्यासारखं असतं आणि खालच्या जुन्या पाट्या, त्यांचे गंजलेले खिळे, बल्बच्या रांगा सगळं दिसतं.

रस्त्यावर रंगीबेरंगी वेषातले लोक असतात, सुपरहिरो, पिसं लावलेल्या बायका, एल्व्हिस. जमिनीवर गोल रंगवलेले दिसतील, त्या गोलात उभं राहूनच त्यांना काम करता येतं. फोटो काढला की टिप द्यायची, हे ठरलेलंच आहे, त्यामुळे आधी विचारा किती, मग फोटो. आमच्या सासऱ्यांनी एका एल्व्हिसच्या खांद्यावर मित्रासारखा हात टाकला, फोटो झाला, आणि मग वीस डॉलर म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी पाचावर तोडलं. त्यांचं म्हणणं, मंडईत करतो तेच इथे केलं.

व्हिकच्या पुढे एका बाजूला बिनियन्स आणि समोर गोल्डन नगेट. बिनियन्स म्हणजे पूर्वीचं हॉर्सशू, १९५१ ला बेनी बिनियनने सुरू केलेलं, पोकरची वर्ल्ड सिरीज १९७० ला इथेच चालू झाली. २००३ ला टेनेसीचा एक अकाउंटंट ऑनलाईन पात्रता खेळून इथे आला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला, त्याचं आडनाव खरोखर मनीमेकर होतं, मी रचून सांगत नाहीये. त्यानंतरच जगभर सगळी पोरं पोकर खेळायला लागली. आता ती स्पर्धा स्ट्रिपवर गेली.

गोल्डन नगेट १९४६ चं, डाउनटाउनमधलं त्यातल्या त्यात चकाचक. इथे दोन गोष्टी. एक, शार्क माशांची टाकी आणि तिच्यातून जाणारी पाण्याची घसरगुंडी, आपण नुसतं बघायचं. दुसरी, आणि माझ्या मते अख्ख्या डाउनटाउनमधली नंबर एक वस्तू, काचेत ठेवलेला सोन्याचा गोळा. हँड ऑफ फेथ म्हणतात, १९८० ला ऑस्ट्रेलियात एका माणसाला मेटल डिटेक्टर घेऊन फिरताना सापडला, २७ किलोच्या वर. दिसायला अगदी आल्याच्या मोठ्या गड्ड्यासारखा, वेडावाकडा, पिवळाधमक. कॅसिनोत शिरल्यापासून नाक मुरडून बसलेल्या आमच्या सासूबाई इथे जे थांबल्या ते हलेनात. "तोळ्यात किती गं?" मी फोनवर हिशोब केला, दहा ग्रॅमचा तोळा धरला तर दोन हजार सातशेच्या वर. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि हे असं रस्त्यावर ठेवलंय?" मग काचेच्या आजूबाजूला गार्ड कुठे आहे ते त्यांनी शोधून काढलं तेव्हाच पुढे निघाल्या.

आता खेळायचं का? तुमची मर्जी, पण खेळायचंच तर डाउनटाउनलाच खेळा कारण टेबलांचा मिनिमम स्ट्रिपपेक्षा साधारण कमी असतो. मी एका पाकिटात चाळीस डॉलर वेगळे काढते आणि ते तिकिटाचे पैसे समजते, नाटकाला गेल्यासारखं. पासपोर्ट जवळ ठेवा, केस पांढरे असले तरी मागू शकतात. पैसे ठेवायच्या आधी टेबलावरचं कापड वाचायचं, खरंच, सगळं तिथे छापलेलं असतं. ब्लॅकजॅक म्हणजे पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायचा खेळ, त्याच्या टेबलावर "३ ला २" असेल तर बसा, "६ ला ५" असेल तर उठा. दहा डॉलर लावून ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस, आला तर पहिल्यावर पंधरा मिळतात आणि दुसऱ्यावर बारा, दर वेळी तीन डॉलर खिशातून गेले. मी पहिल्यांदा बसले तेव्हा हे माहीतच नव्हतं, ब्लॅकजॅक आला म्हणून मी उड्या मारतेय आणि शेजारचा म्हातारा माझ्याकडे दयेने बघतोय. तसंच रूलेटचं, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबते त्याचा खेळ, चाकावर शून्य किती आहेत ते मोजा. एक शून्य असेल तर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, दोन असतील तर ५.२६, आणि काही ठिकाणी तीन शून्यांची चाकं आहेत, तिथे ७.६९. खेळ तोच, चाक तेच, फक्त एक घर वाढवलं.

टेबलाचे नियम साधे आहेत पण मोडलेत तर सगळे तुमच्याकडे बघतात. पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे, तो चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, सरकवेल. पत्ते वाटायला लागल्यावर लावलेल्या चिप्सना हात नाही. फोन खिशात. खेळत असताना ड्रिंक फुकट मिळतं पण आणणाऱ्या बाईला दर वेळी डॉलरभर टिप द्यायची, न देता बसून राहिलात तर ती परत दिसणार नाही. सिगरेटचा वास सगळीकडे, दम्याचा त्रास असेल तर पंधरा मिनिटांच्या वर आत थांबू नका. मशीनमधून आता नाणी पडत नाहीत, कागदी तिकीट येतं, ते किऑस्कवर घालून पैसे घ्यायचे. आणि इंडियन पासपोर्टवाल्यांसाठी, स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागला तर मशीन लॉक होतं, माणूस फॉर्म घेऊन येतो आणि तीस टक्के टॅक्स तिथेच कापतात. ब्लॅकजॅक, रूलेटवर तो कापत नाहीत. आमच्यापैकी कोणावर ही वेळ आलेली नाही, पण माहिती असावी.

लघवीला जायचं असेल तर, हो हे पण गाईडमध्ये येतं, पुरुषांनी मेन स्ट्रीट स्टेशन हॉटेलात जा, प्लाझाच्या बाजूलाच, एक ब्लॉक वर. तिथल्या जेन्ट्स टॉयलेटमध्ये बर्लिनच्या भिंतीचा खराखुरा तुकडा आहे आणि त्याच्यावरच भांडी बसवलीत. मला आत जाता येत नाही, म्हणून नवऱ्याला फोटो काढायला पाठवलं, तर आत दुसरा माणूस होता आणि याची हिंमत झाली नाही, तीन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे फोटो आला.

दुपारचे तास एसीत घालवायचे असतील तर मॉब म्युझियम. फ्रीमाँटपासून दोन ब्लॉकवर, १९३३ चं पोस्ट ऑफिस आणि फेडरल कोर्ट होतं. नोव्हेंबर १९५० मध्ये सिनेटर केफॉव्हरच्या कमिटीने गँगवाल्यांच्या चौकशीची एक सुनावणी याच इमारतीत घेतली, ती कोर्टरूम तशीच ठेवलीय, बाकावर बसता येतं. शिकागोच्या १९२९ च्या व्हॅलेंटाईन डे हत्याकांडाची भिंत पण विटा आणून परत रचलीय. अडीच तास सहज जातात. लहान मुलं असतील तर फोटो जरा रक्ताळलेले आहेत, विचार करा.

छत संपलं, लास व्हेगस बुलेवार्ड ओलांडला की नव्वद टक्के टुरिस्ट माघारी फिरतात, आणि तिथूनच मला आवडणारा भाग सुरू होतो. सिक्स्थ स्ट्रीटवर एल कोर्टेझ, १९४१ चं. चाळीसच्या दशकात काही काळ गँगस्टर बग्सी सीगल आणि त्याच्या साथीदारांच्या मालकीचं होतं, मग ते विकून ते स्ट्रिपवरच्या फ्लॅमिंगोच्या मागे लागले. छतावरची जुनी निऑन पाटी बघा. आत एका कोपऱ्यात अजून खऱ्या नाण्यांची मशीन आहेत, आणि तुमच्या पाकिटातले दहा डॉलर तरी इथल्यासाठी राखून ठेवा. काउंटरवरून क्वार्टरचा, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांचा, रोल घ्यायचा, कागद फोडायचा, एकेक नाणं फटीत सारायचं. दांडा ओढला की आत काहीतरी खडखडतं आणि चार पाच नाणी जरी आली तरी खालच्या पत्र्याच्या ताटलीत अशी काही आपटतात की वाटतं बंपर लागला. वीस मिनिटांत बोटं काळी होतात, शाळेतली पेन्सिल खोडल्यासारखी. माझ्या शेजारच्या मशीनवर एक आजी बसल्या होत्या, त्यांच्याकडे ओला नॅपकिन होता, न बोलता त्यांनी अर्धा फाडून मला दिला.

अजून पुढे नाइन्थ स्ट्रीटवर ॲटॉमिक लिकर्स नावाचा बार आहे. १९५१ पासून इथून शंभरेक किलोमीटरवर अणुचाचण्या व्हायच्या आणि लोक या बारच्या गच्चीवर ग्लास घेऊन मशरूम ढग बघायचे. वाचायला भारी वाटतं, पण गच्चीखाली उभं राहिल्यावर पोटात जरा कसंतरी होतं. रात्री उशिरा याच्या पलीकडे पायी जाऊ नका, रस्ता सुनसान होतो, इथूनच उबर बोलवा.

वेळ उरला तर निऑन म्युझियम, साधारण मैलभर उत्तरेला, टॅक्सीनेच जा. बंद पडलेल्या कॅसिनोंच्या पाट्या तिथे मोकळ्या आवारात ठेवल्यात, त्याला बोनयार्ड म्हणतात. तिकीट आधी ऑनलाईन काढा आणि रात्रीचंच काढा. तिथे मूलाँ रूजची पाटी शोधा, १९५५ ला उघडलेला तो कॅसिनो, गोरे आणि काळे एकत्र बसतील असा व्हेगसमधला पहिला, त्याआधी काळ्या गायकांनी स्टेजवर गायचं आणि झोपायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं, असा प्रकार होता. सहा महिन्यांत तो बंद पडला.

खाण्याचं फार सांगत नाही, व्हेजवाल्यांनी पिझ्झा शोधायचा किंवा बॅगेत थेपले ठेवायचे, आम्ही दोन्ही केलं. पाणी मात्र भरपूर, बाहेर दुकानातून घेतलेलं. काचेची बाटली रस्त्यावर चालत नाही.

निघताना खिशातली मशीनची कागदी तिकिटं वटवायला विसरू नका, माझ्या जीन्समध्ये एकदा ऐंशी सेंटचं तिकीट धुवून निघालं होतं. आणि एल कोर्टेझमधली उरलेली क्वार्टर्स मी परत काउंटरवर देत नाही, आमच्या अपार्टमेंटची लॉन्ड्री मशीन नाण्यावरच चालते, दोन आठवड्यांचे कपडे निघतात.